ट्यूबचे पंक्चर काढता, मग हवेच्या पाइपचे का नाही?



पूर्वी गावाच्या वेशीजवळ लोहाराचा भाता असे. नांगराचा फाळ, कुळवाची पास, गाडीची धाव, सारे तिथेच व्हायचे. भात्याचे चामडे कुठे फाटले, तर लोहार आधी ते शिवून घेई आणि मगच भट्टी पेटवी. फाटक्या भात्याने कितीही हात मारले तरी विस्तव फुलत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

आज त्याच वेशीवर गॅरेज उभे आहे. ट्रॅक्टर, ट्रॉली, टेंपो, मळणी यंत्र यांची दुरुस्ती तिथे होते, वेल्डिंग होते आणि रंगकामही होते. हे गॅरेज बहुधा आपल्यातल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या मुलाचे असते. शेतीत दोघा भावांचे भागत नाही, म्हणून धाकट्याने आय.टी.आय. करून रस्त्याकडेच्या दोन गुंठ्यांत पत्र्याची शेड घातलेली असते. म्हणून गॅरेजचे वीजबिल हाही शेतकरी कुटुंबाच्याच संसाराचा प्रश्न आहे, आणि त्याविषयी या पानावर लिहिणे मला गैर वाटत नाही.

मी शेतीचा पदवीधर. यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण विस्तार अधिकाऱ्याला दाराशी आलेला प्रश्न परतवता येत नाही. कृष्णाकाठच्या एका गावात असाच एक प्रश्न माझ्यापुढे आला. त्याने मला जे शिकवले, ते आज तुम्हाला सांगतो.

रात्री धडधडणारे यंत्र

त्या गावचे एक शेतकरी माझ्या चांगल्या ओळखीचे. वयाने माझ्याहून मोठे, त्यांना मी आबा म्हणतो. त्यांच्या धाकट्या मुलाचे गॅरेज आहे. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे पोळ्यापासून दसऱ्या-दिवाळीपर्यंत, त्याच्याकडे ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाचे पाटे बदलायचे, कुणाच्या फाळक्याला वेल्डिंग, कुणाला नवा रंग.

आबा आणि मुलगा कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे आले. मुलगा म्हणाला, "काका, पाच हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर पुरत नाही. रंग मारताना हवा कमी पडते. दहाचा घ्यायचा आहे. बँकेच्या साहेबांना तुम्ही एक शब्द सांगा." कर्जाच्या रकमेत आपला हिस्सा भरण्यासाठी घरातले दोन तोळे सोने गहाण ठेवायचेही ठरले होते.

मी त्यांच्या घरी गेलो. चहा पिताना मुलाची आई, आमच्या वहिनी, सहज बोलून गेल्या, "भाऊजी, रातच्याला गॅरेजला कुलूप असतंय. तरी त्यो कॉम्प्रेसर मधनंच धडाडतोय. कुणीच नसताना त्याची हवा खातंय कोण?"

त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. विहिरीवरच्या पंपाचा फुटव्हॉल्व्ह गळत असला, की पाइपमधले पाणी रात्रभरात उतरून जाते, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले आहे. ठिबकची नळी उंदराने कुरतडली तर शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही, हेही सांगितले आहे. इथे पाण्याच्या जागी हवा होती, एवढाच फरक. कॉम्प्रेसर दहाचा हवा होता, की पाचाच्या कॉम्प्रेसरची हवा वाटेतच पळत होती?

घड्याळ लावून पाहा

गळती मोजण्याची रीत अगदी सोपी आहे. दुपारी कारागीर जेवायला गेले, की सगळी हत्यारे बंद करा. पाइपलाइन मात्र चालू ठेवा. कॉम्प्रेसर टाकी भरून आपोआप बंद होईल. मग घड्याळ घेऊन बसा. तो पुन्हा चालू झाला की किती मिनिटे चालतो आणि नंतर किती मिनिटे बंद राहतो, हे तीन-चार वेळा लिहून घ्या आणि सरासरी काढा. चालू असलेल्या वेळेला एकूण वेळेने भागा आणि शंभराने गुणा. जो आकडा येईल, तितके टक्के हवा फुकट जात आहे.

त्या गॅरेजात कॉम्प्रेसर चार मिनिटे चालत होता आणि सहा मिनिटे बंद राहत होता. म्हणजे दहा मिनिटांतली चार मिनिटे, शंभरातले चाळीस टक्के! हातात एकही हत्यार नसताना!

आता याचा पैशांत हिशेब करू. पाच हॉर्सपॉवरची मोटर पूर्ण भाराने चालली, तर तासाला साधारण सव्वाचार युनिट घेते. दिवसाचे दहा तास धरले, तर त्यातले चार तास नुसत्या गळतीचे, म्हणजे रोजची सतरा युनिट. महिन्याचे २५ दिवस कामाचे धरले, तर ४२५ युनिट. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटचा दर १० रुपये धरा. महिन्याला ४,२५० रुपये आणि वर्षाला ५१,००० रुपये झाले. रात्रीचे धडधडणे यात धरलेले नाही. तुमचा दर वेगळा असेल, तो बिलावर पाहून घ्या.

दाबलेली हवा ही गॅरेजातली सर्वांत महाग वस्तू आहे. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेपैकी दहा-पंधरा टक्क्यांइतकेच काम हत्याराच्या टोकाशी हाती लागते. बाकीची बहुतेक वीज उष्णता होऊन निघून जाते. शंभर पौंड दाबाच्या पाइपला टाचणीच्या डोक्याएवढे, म्हणजे एक मिलिमीटरचे भोक असले, तरी त्यातून सुमारे ३०० वॉट वीज वाया जाते. भोक तीन मिलिमीटरचे झाले, की हाच आकडा तीन किलोवॉटच्या आसपास जातो. तेवढ्यानेच लहान कॉम्प्रेसरची दमछाक होते.

साबणाचे पाणी आणि दोन तास

गळती कुठे आहे हे शोधायला कोणतेही महागडे यंत्र लागले नाही. वहिनींनी बादलीत साबणाचा फेस करून दिला. मुलाने रंगाच्या ब्रशाने तो एकेका जोडाला लावला. जिथे बुडबुडे, तिथे गळती. ट्रॅक्टरची ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधण्याचे काम तो मुलगा दहा वर्षे करत होता. मी त्याला हसत म्हटले, "दुसऱ्याच्या ट्यूबचे पंक्चर काढतोस, स्वतःच्या पाइपचे एकदा तरी पाहिलेस का?"

एकूण अकरा ठिकाणी बुडबुडे आले. रबरी नळीला तारेने बांधलेले जोड, झिजलेले कपलिंग, टेप न लावता आवळलेले आटे, आणि सर्वांत मोठी गळती टाकीच्या तळाच्या नळाला. पाणी काढायचा तो नळ नीट बसतच नव्हता.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. रात्री टाकीच्या तोंडाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि कॉम्प्रेसरचा मेन स्विच काढा. सकाळी काटा होता तिथेच असेल, तर गळती पाइपलाइनमध्ये आहे. काटा उतरला असेल, तर टाकीचा नळ, सेफ्टी व्हॉल्व्ह किंवा परतीची हवा अडवणारा व्हॉल्व्ह तपासून घ्या.

क्लिपा, टेप, चार कपलिंग आणि एक नवा नळ. सारे सामान तालुक्याच्या दुकानात मिळाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ लावले, तेव्हा कॉम्प्रेसर एक मिनिट चालला आणि बारा मिनिटे बंद राहिला. गळती आठ टक्क्यांच्या आत आली. दहा हॉर्सपॉवरच्या कर्जाचे कागद आबांनी घडी घालून खिशात ठेवले. सोने घरातच राहिले.

जुन्याच यंत्राकडून चांगले काम

गळती थांबल्यावर आम्ही आणखी तीन गोष्टी केल्या. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली गोष्ट दाबाची. कॉम्प्रेसर १७० पौंडांवर जाऊन बंद होत होता. रंगाच्या गनला चाळीस-साठ पौंड पुरतात आणि त्याच्याकडे येणाऱ्या टायरांनाही इतका दाब लागत नव्हता. जाणत्या मिस्त्रीकडून प्रेशर स्विच १३० वर आणून घेतला. दर १५ पौंड दाब उतरवला, की सुमारे पाच ते सात टक्के वीज वाचते. मात्र सेफ्टी व्हॉल्व्हला कोणीही हात लावू नये. तो यंत्राच्या नव्हे, माणसाच्या जिवासाठी असतो.

दुसरी गोष्ट जागेची. कॉम्प्रेसर पश्चिमेच्या तापलेल्या पत्र्याला टेकून, वेल्डिंगच्या शेजारी ठेवला होता. तो उत्तरेच्या सावलीत हलवला. आत जाणारी हवा चार अंशांनी गरम झाली, की वीज सुमारे एक टक्का जास्त लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पत्र्याखाली आणि झाडाखाली किती फरक पडतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट निगेची. हवेची जाळी रंगाच्या धुळीने गच्च झाली होती, ती बदलली. पट्टा सैल होता, तो ताणला. टाकीतले पाणी रोज संध्याकाळी काढण्याची सवय लावली. या पाण्याचा दुहेरी तोटा असतो. ते टाकी आतून गंजवते आणि गनमधून रंगात उतरले की पत्र्यावर फोड येतात. मग सारे घासून पुन्हा रंग द्यावा लागतो.

नवे घ्यायचेच झाले तर

घरची गळती थांबली, की मगच बाजारात जा. बी काय घ्यायचे हे जमीन पाहून ठरवतो, तसे यंत्र काय घ्यायचे हे आपले काम पाहून ठरवावे.

मोटर : नवी घेताना पाटीवर आय.ई.३ लिहिले आहे का ते पाहा. पाच हॉर्सपॉवरची जुन्या आय.ई.१ दर्जाची मोटर विजेचे सुमारे ८३ टक्के काम करून देते, आय.ई.३ मोटर सुमारे ८८ टक्के. दिवसभर चालणाऱ्या मोटरीला हा फरक मोठा आहे. दिवसातून तासभर चालणारी मोटर मात्र नुसत्या यासाठी बदलू नका. जळालेली मोटर पुन्हा पुन्हा भरून आणली, आणि भरणारा काळजी घेणारा नसला, तर तिची वीज खाण्याची भूक वाढत जाते, हेही ध्यानात ठेवा.

कॉम्प्रेसर : फ्रिजवर जसे तारे असतात, तसे लेबल ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०२१ मध्ये एअर कॉम्प्रेसरसाठीही सुरू केले. घेताना विचारा. दुकानदार 'इतके सी.एफ.एम. हवा' सांगेल. तो आकडा पिस्टनच्या मापाचा आहे की प्रत्यक्ष बाहेर मिळणाऱ्या हवेचा, हे लिहून घ्या. दोहोंत बराच फरक असतो.

वेल्डिंग मशीन : जुने ट्रान्सफॉर्मरचे मशीन घेतलेल्या विजेतली जवळजवळ निम्मी वीज गरम होण्यातच घालवते. इन्व्हर्टर मशीन शंभरातली ऐंशीच्या पुढे वीज कामाला लावते. शिवाय वेल्डिंगच्या कामात रॉड जळतो तो वेळ थोडा. रॉड बदलणे, पत्रा धरणे, वरची खपली झाडणे यातच जास्त वेळ जातो. त्या वेळात जुने मशीन नुसते गुणगुणत वीज खाते, इन्व्हर्टर अगदी थोडी घेते. मात्र त्याला धुळीचा आणि कमी-जास्त दाबाच्या विजेचा त्रास होतो. दुरुस्ती तालुक्याला होते का, हे आधी पाहा.

बोल्ट खोलण्याचा पाना : हवेवर चालणाऱ्या पान्यापेक्षा बॅटरीवरच्या पान्याला त्याच कामासाठी कितीतरी कमी वीज लागते. रोज चाके खोलणाऱ्याने विचार करावा.

दिवे : चाळीस वॉटची जुनी ट्यूब चोकसह पन्नासाच्या आसपास वॉट घेते. तेवढाच उजेड वीस वॉटची एल.ई.डी. देते. शेडच्या छपरात दोन पारदर्शक पत्रे घातले, तर दिवसा तेही नको. रंगाची छटा जुळवायच्या जागी मात्र स्वस्त दिवा लावू नका. रंग खरे दाखवणारा, सी.आर.आय. नव्वदच्या वरचा दिवा घ्या. नाही तर रात्रीचा लाल सकाळी विटकरी दिसतो आणि गिऱ्हाईक भांडते.

रंगाची गन : इथे चूक माझी

साध्या गनने उडवलेल्या रंगातला निम्म्याहून अधिक रंग पुष्कळदा पत्र्यावर बसतच नाही, तो हवेत उडून जातो. एच.व्ही.एल.पी. नावाची गन तोंडाशी दहा पौंडांच्या आत दाब ठेवते. त्यामुळे रंगाचा फवारा मऊ येतो आणि जवळजवळ दोन-तृतीयांश रंग पत्र्यावर बसतो. हे वाचून मी मुलाला ती गन घ्यायला लावली.

पण एक गोष्ट मी पाहिली नव्हती. या गनला दाब कमी लागतो, तरी हवा भरपूर लागते. अर्धी ट्रॉली रंगवून होते न होते तोच टाकी रिकामी झाली. रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत बसला. एक पूर्ण फाळके घासून पुन्हा रंगवावे लागले. त्याचे पैसे कोण देणार? मुलगा काही बोलला नाही, पण मला वाईट वाटले. पुढे दुकानदाराने ती गन बदलून कमी हवेवर चालणारी दिली. तिने रंग वाचतो आणि कॉम्प्रेसरही पुरतो. म्हणून सांगतो, गनला किती हवा लागते आणि तुमचा कॉम्प्रेसर किती देतो, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्याशिवाय गन घेऊ नका.

काटकसर श्वासाची नको

वीज वाचवण्याच्या भरात काही गॅरेजवाले रंगखोलीचा धूर-वास ओढणारा पंखा बंद ठेवतात. हे कदापि करू नका. थिनरची वाफ साचली, की एका ठिणगीने भडका उडतो. तिथे घरगुती टेबल फॅनही नको, ठिणगी बाहेर न पडणाऱ्या बनावटीचाच पंखा हवा. वेल्डिंगची जागा रंगापासून दूर ठेवा.

हार्डनर मिसळून मारायच्या दोन डब्यांच्या पी.यू. रंगात आयसोसायनेट नावाचे द्रव्य असते. त्याने कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. त्या रंगासाठी स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटाच लागतो. तो परवडत नसेल, तर तो रंगही परवडत नाही असे समजा.

रंग भाजायच्या बंद खोलीविषयीही लोक विचारतात. अशी खोली सारी हवा तापवते आणि रंगाची वाफ काढण्यासाठी तीच तापलेली हवा बाहेर फेकते. साठ अंशांवर अर्धा तास भाजणे मोटारीच्या सततच्या कामाला ठीक आहे. ट्रॉलीच्या साध्या एनॅमलला आपले ऊन आणि वारा पुरतो. पावसाळ्यात एखादा पत्राच लवकर वाळवायचा असेल, तर इन्फ्रारेड दिवा तेवढाच पत्रा तापवतो, सगळी खोली नाही.

शेतीपंपाची वीज गॅरेजला नको

शेड विहिरीजवळ असली, की शेतीपंपाच्या जोडणीवर वेल्डिंग मशीन लावण्याचा मोह होतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे ज्या कारणासाठी वीज घेतली, त्याहून दुसऱ्या कामाला वापरली, तर लागू दराच्या दुप्पट दराने आकारणी होते. मागच्या काळाचीही होते. एका तपासणीत सगळी काटकसर वाहून जाईल. गॅरेजची जोडणी वेगळी घ्या.

हिशेबाची वही

आता शेवटचे आणि महत्त्वाचे. हे सारे टिकले ते वहिनींमुळे. डेअरीच्या दुधाचा हिशेब त्या वर्षानुवर्षे ठेवतात. त्याच वहीच्या मागच्या पानावर त्यांनी रोज संध्याकाळी मीटरचे आकडे लिहायला सुरुवात केली. शेजारी त्या दिवशी किती ट्रॉल्या झाल्या, ते लिहिले. दीड महिन्याने त्यांनी मुलाला विचारले, "काल कालच्याइतकंच काम, मग आज सात युनिट जादा कशी?" पाहिले, तर एक नळी पुन्हा क्लिपेतून सुटली होती. म्हैस दूध चोरते हे ज्या बाईला मापावरून कळते, तिला मीटर काय सांगतो हे समजायला किती वेळ लागणार?

यंत्र घेण्याआधी याच वहीत एक भागाकार करा. समजा, यंत्र १८,००० रुपयांचे आहे आणि त्याने महिन्याला १०० युनिट वाचतात. युनिट १० रुपये धरले, तर महिन्याला १,००० रुपये. दीड वर्षात पैसे फिटले. दोन-अडीच वर्षांत फिटणारे यंत्र जरूर घ्या. सात-आठ वर्षे लागणार असतील, तर थांबा. छपरावर सौर पॅनेल घालायचे असतील, तर तेही गळती थांबवल्यावर. आपल्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनेल सरासरीने दिवसाला चार युनिट देते. सतरा युनिटची गळती भरून काढायला चार किलोवॉटचे पॅनेल कोणी का घालावे? अधिक माहिती हवी असल्यास पुण्याला महाऊर्जेचे मुख्य कार्यालय आहे. ऊर्जाबचतीचे काम पाहणारी ती राज्याची संस्था आहे.

बंधूंनो, तुमच्या घरचे गॅरेज असेल, किंवा तुमचा ट्रॅक्टर ज्याच्याकडे जातो त्याचे असेल, त्याला हा लेख वाचून दाखवा. आणि आज रात्री, जेवणे आटोपून निजानीज झाली, की जरा अंगणात उभे राहून कान द्या. कुलूप लावलेल्या शेडमधून धडधड ऐकू आली, तर उद्या सकाळी बादलीत साबण कालवा. नव्या कर्जाचे त्यानंतर बघता येईल.